उतरंड : मांडवीच्या घरातील मातीची भांडी व त्यांची नावे

'उतरंड' हा शब्द आज बहुधा वृत्तपत्रांतून आणि समाजशास्त्रीय लेखनातून वाचावयास मिळतो. 'जातींची उतरंड', 'अधिकाराची उतरंड' हे प्रयोग सर्वपरिचित आहेत. ज्या वस्तूवरून हे प्रयोग निघाले ती वस्तू मात्र ते करणाऱ्यांपैकी अनेकांनी पाहिलेली नसते. उतरंड म्हणजे मातीच्या भांड्यांची एकावर एक रचलेली चळत. तळाशी सर्वांत मोठे मडके, त्याच्या तोंडावर त्याहून लहान, त्यावर आणखी लहान, आणि शेवटी ओंजळीत मावेल एवढे बोळके. प्रत्येक भांडे खालच्याचे झाकण आणि वरच्याची बैठक असे. कडधान्ये, बियाणे, क्वचित दोन-चार नाणी असा घरातील ऐवज तीत राहत असे.

घरी हाताने घडविलेली मातीची भांडी जमवावी, मांडावी आणि वापरावी, ही आवड आता शहरांतून पुन्हा दिसू लागली आहे. ती स्वागतार्ह आहे. परंतु भांडे घरी येते तेव्हा त्याचे नाव बहुधा कुंभाराच्या दारातच राहून जाते. दिवाणखान्याच्या कपाटात सुगड, गाडगे, परळ आणि बोळके ही सारी 'मातीची भांडी' या एकाच नावाखाली नांदू लागतात. हा तोटा केवळ भाषेचा नव्हे. भांड्याचे नाव हे त्याच्या घडणीचे, मापाचे व कामाचे सूत्ररूप वर्णन असते, आणि ते गळाले म्हणजे भांडे कसे वापरावे व कोठे ठेवावे याचे ज्ञानही गळते. मांडवी या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील वस्तीतील घर डोळ्यांपुढे ठेवून हे सूत्र उलगडून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. बंदर आणि घर

'मांडवी' हे नावच व्यवहारातून आलेले आहे. मांडवी म्हणजे मालावर जकात घेण्याची जागा. मुंबईतील मांडवी, कच्छातील मांडवी आणि रत्नागिरीची मांडवी या तिन्ही ठिकाणी समुद्रावरून माल उतरत असे, हा योगायोग नव्हे. (गोव्यातील त्याच नावाच्या नदीचा विचार वेगळा करावयास हवा.) अशा जागी राहणाऱ्या घरात दोन प्रकारची मृद्भांडी एकत्र येणे स्वाभाविक होते. एक प्रकार जवळच्या कुंभाराच्या चाकावरचा, सच्छिद्र लाल किंवा काळ्या मातीचा. दुसरा दूरच्या भट्टीतला, काचेसारखा लुकण चढविलेला.

या दोहोंचे काम एक नव्हे. साधे मडके साधारणपणे सातशे ते नऊशे अंश सेल्सिअस उष्णतेत भाजले जाते. त्या उष्णतेत मातीचे कण एकमेकांस चिकटतात, परंतु त्यांमधील पोकळ्या बुजत नाहीत. त्या पोकळ्यांतून पाणी झिरपते, बाहेरच्या पृष्ठभागावर त्याची वाफ होते, आणि ती होताना आतील उष्णता घेऊन जाते. माठातील पाणी गार होते ते यामुळे. मात्र वाफ होण्याचा वेग हवेच्या कोरडेपणावर अवलंबून असतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात माठ जेवढे पाणी गार करतो तेवढे ते रत्नागिरीच्या दमट हवेत होत नाही. म्हणून किनाऱ्यावर माठासाठी वारा खेळेल अशी जागा पाहावी लागते. जागेची निवड येथे शोभेची बाब नसून भांड्याच्या गुणधर्माचा भाग आहे.

जी सच्छिद्रता पाण्याला उपकारक, तीच खाराला मारक ठरते. खारट द्रव साध्या मडक्यात दीर्घकाळ राहिला, तर मीठ भिंतीत शिरते, बाहेर येऊन त्याचे स्फटिक बनतात आणि भिंतीचे पापुद्रे सुटू लागतात. खारातल्या कैऱ्या, लोणची, कोकमाचे आगळ ही कोकणातील वर्षाची बेगमी म्हणून साध्या मडक्यात न राहता लुकणाच्या बरणीत राहिली. 'बरणी' या शब्दाची भावंडे कानडीत व मल्याळममध्ये 'भरणी' या रूपात सापडतात. अर्थात् हा शब्द सबंध पश्चिम किनाऱ्याचा आहे. तिच्या मातीला मराठीने 'चिनी' म्हटले आणि वस्तू कोणत्या दिशेने आली ते नावातच नोंदवून ठेवले. हिंदी-उर्दूतील 'मर्तबान' हा शब्द याहूनही बोलका आहे. तो ब्रह्मदेशातील मर्तबान (आजचे मोत्तमा) या बंदरावरून आला. चौदाव्या शतकातील प्रवासी इब्न बतूता याच्या प्रवासवर्णनात आले, मिरी, लिंबे आणि आंबे समुद्रप्रवासासाठी खारवून भरलेल्या मर्तबानांचा उल्लेख आहे. आंबा खारवून लुकणाच्या भांड्यात ठेवण्याची रीत हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवर किती जुनी आहे, हे यावरून दिसते.

२. टिकणारी नावे व लोपणारी नावे

भांड्यांच्या मराठी नावांकडे बारकाईने पाहता त्यांचे दोन वर्ग पडतात. घागर, कळशी, हंडी, लोटा, कुंडी ही नावे पहिल्या वर्गातील होत. ती भांड्याचा आकार व काम सांगतात. द्रव्याशी त्यांना कर्तव्य नाही. 'घागर' हा शब्द संस्कृत 'गर्गरी'पासून आला. मातीची घागर जाऊन तांब्यापितळेची आली, नंतर प्लॅस्टिकची आली. शब्द मात्र तसाच राहिला. बरणी हीही चिनी मातीची होती, काचेची झाली, आता प्लॅस्टिकची आहे.

दुसऱ्या वर्गात मडके, गाडगे, बोळके, सुगड, परळ, खापर ही नावे येतात. यांना द्रव्य सोडून जाता येत नाही. 'तांब्याचे मडके' किंवा 'प्लॅस्टिकचे गाडगे' असे कोणी म्हणत नाही. मातीचे भांडे घरातून गेले की पहिल्या वर्गातील शब्द नव्या भांड्यावर जाऊन बसतो. दुसऱ्या वर्गातील शब्दाला मात्र जागा उरत नाही. तो एक तर विधीत आश्रय घेतो, नाही तर वाक्प्रचारात.

विधीतील उदाहरण सुगडाचे. 'सुगड' म्हणजे 'सुघट', चांगला घट. संक्रांतीच्या दिवशी बोरे, उसाचे करवे, हरभरा व तीळ घालून सुगडे पुजली जातात, आणि त्या एका दिवसामुळे शब्द वर्षभर जिवंत राहतो. नवरात्रातील घटस्थापना 'घट' या शब्दाचे असेच रक्षण करते. वाक्प्रचारांची उदाहरणे पुष्कळ आहेत. दात पडलेल्या तोंडाचे 'बोळके' होते. मंदबुद्धी माणसाला 'माठ' म्हणतात. दोष दुसऱ्याच्या माथी मारणे म्हणजे 'खापर फोडणे'. उपदेश वाया जाणे म्हणजे 'पालथ्या घड्यावर पाणी'. न संपणारी येरझार म्हणजे 'रहाटगाडगे', आणि हे गाडगे कोकणातील बागांना पाणी देणाऱ्या रहाटाच्या चाकावर खरोखरीच बांधलेले असे. देबूजी झिंगराजी जानोरकर (१८७६–१९५६) या लोकशिक्षकाला महाराष्ट्र त्याच्या हातातील मातीच्या भांड्यावरून 'गाडगेबाबा' या नावाने ओळखतो.

पाककृतींच्या नावांतही असे अवशेष सापडतात. दक्षिण कोकणातील खापरोळीचे नाव ज्या खापरावर ती भाजली जात असे त्यावरून पडले. आज ती लोखंडी किंवा बिडाच्या तव्यावर होते, तरी नावातील खापर सुटलेले नाही. खानदेशात मात्र पुरणाचे मांडे पालथ्या खापरावरच भाजले जातात. तेथे शब्द आणि वस्तू अद्याप बरोबर आहेत.

'रांजण' या शब्दाची गत निराळी झाली. त्याने द्रव्य सोडले आणि आकार धरला. नदीपात्रातील खडकांत दगडगोट्यांच्या घुसळणीने पडणाऱ्या खोल गोल खळग्यांना मराठी भूगोलात 'रांजणखळगे' म्हणतात. अहिल्यानगर जिल्ह्यातील निघोज येथे कुकडी नदीच्या पात्रातील रांजणखळगे प्रसिद्ध आहेत. हे स्थळ पाहणाऱ्या पुढच्या पिढीला खळगा ठाऊक असेल. रांजण ठाऊक असेलच असे नाही.

३. लिंग व माप

मराठीत निर्जीव वस्तूंनाही लिंग असते, ही गोष्ट परभाषिकांस नेहमी कष्टदायक वाटते. भांड्यांच्या क्षेत्रात मात्र या लिंगभेदाला व्यावहारिक अर्थ आहे. कळसा मोठा, कळशी लहान. हंडा मोठा, हंडी लहान. कुंडा–कुंडी, लोटा–लोटी, वाडगा–वाडगी या जोड्यांतही तेच. पुल्लिंगी रूप मोठे माप सांगते, तर स्त्रीलिंगी रूप लहान. 'लोटके', 'बोळके' यांसारख्या नपुंसकलिंगी रूपांतील 'के' हा प्रत्यय आणखी लघुत्व दर्शवितो. 'काखेत कळसा अन् गावाला वळसा' या म्हणीचा विनोद कळशीने साधला नसता. काखेतील वस्तू मोठी आहे, तरी ती दिसत नाही, हेच तर त्या म्हणीचे मर्म आहे.

सारांश, लिंग हे येथे मापाचे काम करते. मोजमापाची उपकरणे घराघरांत नसताना कुंभाराला किती मोठे भांडे हवे ते सांगण्यासाठी एवढा स्वरभेद पुरेसा होता. माजघराच्या कोपऱ्यात भांड्यांची एक उतरंड असे, तशीच शब्दांची एक उतरंड व्याकरणात होती. संग्राहकाने हे ध्यानी घेतले तर त्याला एक गोष्ट उमगेल. सुटे भांडे हे अपुरे भांडे असते. त्याच्या खालचे व वरचे भांडे मिळाले म्हणजेच त्याचे माप कळते.

४. मांडणीची जुनी साधने

मातीची भांडी घरात मांडावी कशी, हा आजच्या हौशी गृहस्थाचा प्रश्न जुन्या घराने सोडविलेला होता, आणि त्या उत्तरांना स्वतंत्र नावे होती. पाण्याच्या घागरी ठेवण्याच्या लाकडी चौकटीला 'घडवंची' म्हणत. 'घट' व 'मंच' या दोन शब्दांचे हे घरगुती रूप. दूध-दह्याची भांडी मांजर-मुंग्यांपासून दूर आढ्याला टांगण्यासाठी 'शिंके' असे. दिवे व लहान बोळकी कोनाड्यात राहत. कोरड्या वस्तूंसाठी उतरंड होती. आणि गोल बुडाचे भांडे जमिनीवर स्थिर राहावे यासाठी त्याखाली कापडाचे किंवा गवताचे कडे, म्हणजे 'चुंबळ', असे.

या शेवटच्या शब्दाची कथा विशेष बोधप्रद आहे. जुन्या मडक्याचे बूड गोल असे ते कारागिरीच्या उणिवेमुळे नव्हे. चाकावर भांड्याचे तोंड व गळा घडवून झाल्यावर कुंभार बुडाचा जाड भाग आतून गोळा धरून व बाहेरून थापटण्याने ठोकून पातळ करतो, आणि या ठोकण्यातून गोलाई येते. गोल बुडाला कोपरा नसल्याने आच सर्वत्र सारखी लागते व तडा जाण्याचा संभव कमी होतो. चुलीच्या तीन टेकांवर ते नीट बसतेही. 'घरोघरी मातीच्या चुली' होत्या तोवर गोल बूड सोयीचे होते. गॅसची शेगडी आणि सपाट ओटा आला तशी सपाट बुडाची मागणी आली. बूड सपाट झाले तेव्हा चुंबळ निरुपयोगी ठरली, आणि चुंबळ गेली तेव्हा शब्दही चालला. भाषेतील शब्द एकेकटे मरत नाहीत, एकमेकांच्या आधाराने उभे असलेले शब्द एकदमच कोसळतात. उतरंडीतील एक मडके काढले तर वरची सारी ढासळतात, तसेच हे.

थापटण्याच्या उल्लेखाबरोबर मराठी वाचकाला गोरोबाकाकांची कथा आठवल्यावाचून राहणार नाही. तेरढोकीच्या या संत कुंभाराने थापटण्याने संतांची डोकी ठोकून कोण पक्के आणि कोण कच्चे ते पाहिले, आणि नामदेव कच्चे ठरले, अशी ती परंपरागत कथा. पक्के भांडे वाजविले असता खणखणीत नाद देते. कच्चे किंवा तडा गेलेले भांडे बद्द वाजते. भांडे घेताना बोटाच्या पेराने वाजवून पाहण्याची रीत आजही तितकीच भरवशाची आहे.

५. संग्रहालये व नावे

महाराष्ट्रात घरगुती वस्तूंच्या संग्रहाची परंपरा मोठी आहे. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातील भांडी यांसारख्या नित्याच्या वस्तू आयुष्यभर जमविल्या व आपल्या अकाली निवर्तलेल्या पुत्राच्या नावे उभारलेला हा संग्रह १९७५ साली महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. गोरोबांच्या तेर गावी रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमविलेल्या प्राचीन वस्तूंचे शासकीय संग्रहालय आहे. जपानात यानागी सोएत्सु आणि त्यांच्या कुंभार मित्रांनी १९२५ साली 'मिंगेइ', म्हणजे लोकांची कला, हा शब्दच नव्याने घडविला आणि १९३६ साली टोकियो येथे तिचे संग्रहालय उघडले. नित्य वापरातून आलेले सौंदर्य हेच खरे सौंदर्य, ही त्यांची भूमिका होती. निनावी कारागिराच्या वाडग्याला मान मिळण्यासाठी आधी एक नाव लागले, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने विसरू नये.

नावे नसलेल्या संग्रहाची मर्यादा पुरातत्त्वात स्पष्ट दिसते. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात जोर्वे संस्कृतीची विपुल मृद्भांडी मिळाली. इसवी सनापूर्वी १४०० ते ७०० या सुमाराच्या त्या घरांत तोटीची भांडी होती, साठवणीचे रांजण होते. मृत बालकांना दोन कुंभ तोंडाशी तोंड लावून त्यांत घराच्या जमिनीखाली पुरत असत. मातीचे पृथक्करण करता येते, भाजण्याची उष्णता ठरविता येते, कालनिर्णय होतो. परंतु त्या तोटीच्या भांड्याला ते वापरणारी स्त्री काय म्हणत असे, हे कोणत्याही प्रयोगशाळेला सांगता येणार नाही. म्हणून 'तोटीचे भांडे' अशा वर्णनावर भागवावे लागते. इनामगावची भांडी उरली आहेत आणि शब्द गेले आहेत. मांडवीसारख्या ठिकाणी भांडी भराभर चालली आहेत. शब्द मात्र वृद्धांच्या तोंडी अद्याप आहेत. इनामगावात जे साधणे अशक्य, ते येथे आज साधण्याजोगे आहे.

याची जाणीव भाषाशास्त्राला फार पूर्वी झाली. ग्रियर्सनने १८८५ साली 'बिहार पेझंट लाइफ' या ग्रंथात शेतकरी, कुंभार, तेली यांची साधने त्यांच्या स्थानिक नावांसह नोंदविली. युरोपात मेरिंगर व शुखार्ट यांनी शब्दांचा इतिहास वस्तूंच्या इतिहासावाचून लिहिता येत नाही, असे प्रतिपादन केले. १९०९ साली निघालेल्या नियतकालिकाचे नावच 'शब्द आणि वस्तू' या अर्थाचे होते. मराठीत मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' यांनी शब्द जपले. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथाने बलुतेदार कुंभाराचे गावातील स्थान नोंदविले. तथापि कोशात शब्द आहे आणि शेजारी भांडे नाही; संग्रहालयात भांडे आहे आणि पुष्कळदा शब्द नाही. घरचा संग्राहक हा या दोहोंना जोडणारा दुवा होऊ शकतो.

६. वापर व नोंद

मातीचे भांडे वापरात असले तरच त्याचे नाव वापरात राहते. म्हणून वापराविषयी थोडे सांगणे अगत्याचे आहे. स्वयंपाकासाठी आणलेले नवे भांडे एक दिवस पाण्यात बुडवून ठेवावे आणि वाळल्यावर त्यात मंद आचेवर भाताची पेज शिजवावी. पेजेतील पिष्ट सूक्ष्म पोकळ्यांत बसून भिंत घट्ट होते. आच हळूहळू वाढवावी; तापलेल्या भांड्यात गार पाणी ओतू नये. साबण भिंतीत शोषला जातो, म्हणून काथ्याने व गरम पाण्याने घासणे चांगले. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अशा हवेत ओले भांडे झाकून ठेवल्यास त्यास बुरशी येते, म्हणून ते पूर्ण वाळवून तोंड उघडे ठेवावे. माठातील क्षारांनी पोकळ्या बुजत जातात व पाणी पूर्वीसारखे गार होईनासे होते; दर उन्हाळ्यात नवा माठ आणण्याच्या रीतीमागे हे कारण आहे. जुन्या, अज्ञात लुकणाच्या बरण्या मात्र शोभेपुरत्याच ठेवाव्या. त्या लुकणात शिसे असण्याचा संभव असतो आणि आंबट पदार्थात ते उतरते.

नोंदीची पद्धतही साधी आहे. प्रत्येक भांड्याबरोबर एक चिठ्ठी असावी. तीवर भांड्याचे नाव, ते सांगणाऱ्याचे गाव, उंची व तोंडाचा व्यास, त्यात काय ठेवीत आणि ते कशावर किंवा कशात ठेवीत, एवढे लिहावे. नाव विचारण्यात मात्र एक मेख आहे. भांडे पुढे करून 'याला काय म्हणतात?' असे परक्याने विचारले, तर 'मडके' हे सामान्य नाम पदरी पडते. परक्याला तेवढे पुरे, असे सांगणाऱ्यास वाटते. त्याऐवजी 'दही कशात लावीत? निखारे कशात नेत? पेज कशात वाढीत?' असे कामावरून विचारावे. काम विचारले असता विशेष नाम आपोआप येते. ते ज्या उच्चाराने आले त्याच उच्चाराने लिहावे. पुस्तकी रूप देण्याचा मोह टाळावा. हे प्रश्न प्रथम घरातील वृद्ध स्त्रियांना आणि मग कुंभाराला विचारावे. कुंभार भांडे घडवितो, परंतु त्याचे काम ठरवून त्याला घरातील नाव देण्यात स्वयंपाकघराचा वाटा मोठा असतो.

कपाटातील एका सुगडाला चिठ्ठी लावल्याने कुंभाराचा आवा पुन्हा पेटेल, असे मानण्याचे कारण नाही. आवा पेटतो तो गिऱ्हाइकाच्या मागणीवर. परंतु ज्याला परळ हवी आहे त्याला 'परळ' हा शब्द ठाऊक असावा लागतो. ज्याला 'मातीचे काहीतरी' हवे आहे, त्याला बाजार काहीतरीच देतो. शब्द हा मागणीचाही आधार आहे. मांडवीच्या एखाद्या घरात आज उतरंड पुन्हा रचली गेली, तर प्रत्येक भांड्याबरोबर त्याचे नाव, माप आणि काम रचले जावे. तसे झाले तर 'उतरंड' हा शब्द वृत्तपत्रातील विषमतेच्या वर्णनापुरता न उरता, लहानाने मोठ्यावर टेकून उभे राहण्याची जी घरगुती व्यवस्था त्याने मुळात दर्शविली, तीही सांगत राहील.